पिपळबारीची उतरण

शहाद्याच्या शाळेत उत्तरेकडच्या खिडकीतून सातपुडा दिसतो. पावसाळ्यात तो ढगात असतो, उन्हाळ्यात धुरकट होतो, पण मार्गशीर्ष-पौषात सकाळच्या वेळी इतका जवळ वाटतो की हात लांब केला तर लागेल. त्या खिडकीजवळ उभे राहून माझे यजमान अकरा वर्षं भूगोल शिकवत होते. हा सातपुडा, त्याच्या पलीकडे नर्मदा, तिच्या पलीकडे विंध्य. दरवर्षी हेच, आणि त्याच क्रमाने.

त्या वर्षी दिवाळीत माझे वडील म्हसावदहून आमच्याकडे जेवायला आले होते. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, मास्तर, नर्मदेचं पाणी दिसायला कसं असतं हो? आपल्या तापीसारखं गढूळ की निळं? यांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "पुस्तकात तसं काही दिलेलं नाही."

नाताळच्या सुट्टीत डोंगर चढून नदीपर्यंत जायचं, हे त्याच आठवड्यात ठरलं. हे एकटे जाणार होते, पण अडचण भाषेची होती. यांचं मराठी वाईचं. शहाद्यात अकरा वर्षं राहूनही बाजारात भाजी घ्यायची तर हे मला पुढे करत. मी म्हसावदची. अहिराणी माझी घरची, आणि डोंगरातले लोक बाजाराला येऊन जी मोडकी अहिराणी बोलतात तीही मला कळते. तेव्हा दुभाषी म्हणून मी बरोबर निघाले. खरं सांगायचं तर मला नेलं नसतं तर मी रुसणारच होते. शेजारच्या बायकांनी विचारलं, तिकडे काय आहे? देव आहे का, नवस आहे का? नुसतं चालायला जातो आहोत, हे उत्तर कुणाला पटलं नाही. शेवटी तोरणमाळच्या गोरखनाथाला जाऊन येतो, असं सांगितलं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

म्हसावद

वडिलांनी वाटाड्या ठरवून ठेवला होता. त्याचं नाव दित्या. जन्म रविवारचा, म्हणून दित्या. त्या लोकांत वारावरून नावं ठेवतात. जातीने पावरा, वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगाने वाळका, पण पिंढऱ्या पीळ घातलेल्या दोरासारख्या. चारोळी, डिंक आणि मध घेऊन तो वर्षानुवर्षं म्हसावदच्या बाजाराला येई आणि आमच्या ओट्यावर विसावा घेई. मी लहान असताना त्याने मला पळसाच्या पानात बांधून मध दिल्याचं मला आठवत होतं. त्याला आठवत नव्हतं.

त्याने वाट सांगितली ती अशी: तोरणमाळ चढायचं, एक दिवस तिथे राहायचं, मग माथ्यामाथ्याने उत्तरेला जाऊन एका टेकाडावरून नर्मदा बघायची आणि आल्या वाटेने परत. हे म्हणाले, बघायची नाही, पाण्यात हात घालायचा. दित्याने थोडा विचार केला आणि मग पूर्वेकडच्या एका लांबच्या वाटेचं नाव घेतलं. बघू, वर गेल्यावर ठरवू, असं मोघम बोलणं झालं.

आमचं सामान म्हणजे दोन घोंगड्या, दशम्या, तिळाची चटणी, गुळाची ढेप, एक पितळी डबा, आणि यांच्या पिशवीत हाताने काढलेला नकाशा आणि थर्मामीटर. वर किती थंडी पडते ते मोजायचं होतं. मी नंदुरबारहून मागवलेले कॅनव्हासचे बूट घातले होते. आईने बुटांकडे एकदा पाहिलं. माझ्या जुन्या वहाणा तिने गुपचूप गाठोड्यात घातल्या.

तोरणमाळ

डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलांची दमणी गेली. तिथून पुढे पायी. सपाटीवरून सातपुडा भिंतीसारखा एकसलग दिसतो, पण आत शिरल्यावर कळतं की एक डोंगर संपत नाही तोच दुसरा त्याच्या मागून वर आलेला असतो. साग, सालई, मधूनच बांबूचं बेट. वाट दोन पावलं रुंद. एका खिंडीत दगडांचा ढीग होता. दित्याने खालून उचललेला एक खडा त्यावर ठेवला आणि आम्हालाही ठेवायला लावला. यांनी विचारलं, कोणता देव? दित्या म्हणाला, वाटेचा. आमच्याकडे घाट चढताना देवाला नारळ फोडतात. इथे खडा पुरतो.

निम्मी चढण होईपर्यंत बुटांनी माझ्या दोन्ही टाचा सोलल्या. मी बूट काढले, वहाणा घातल्या, आणि त्या बुटांनी पुढचा सगळा प्रवास गाठोड्यात बसून केला.

संध्याकाळच्या आत वर पोहोचलो. वर मोठं पठार आहे आणि मधे तलाव, इतका शांत की काठावरची झाडं त्यात उलटी उभी असतात. देवळाजवळच्या ओवरीत उतरलो. थंडी मात्र मोजता आली नाही. थर्मामीटर यांनी अंथरुणाशेजारी ठेवला होता आणि सकाळी उठताना त्यावरच पाय दिला. पारा फरशीवर गोळ्यागोळ्यांनी पळाला. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं, त्यावरून जे काय ते समजून घेतलं.

जेवणाचंही सांगायला हवं. पहिल्या दिवशी आम्ही आमच्या दशम्या एका बाजूला बसून खाल्ल्या आणि दित्याने त्याची मक्याची भाकर दुसऱ्या बाजूला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं, आणि तेच मला नंतर जास्त टोचलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दशम्या कडक झाल्या. दित्याने निखाऱ्यावर ताजी भाकर भाजली, उडदाची डाळ शिजवली आणि पानावर वाढून आमच्यापुढे ठेवली. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. मग आम्ही जेवलो. उडदाची इतकी चवदार डाळ मी आजवर केलेली नाही, आणि तिच्यात मीठ-मिरचीखेरीज काही नव्हतं.

माथ्यावरून

तोरणमाळहून उत्तरेला निघालो तो दिवस सगळ्यांत सुखाचा गेला. चढउतार होते, पण पाय सरावले होते. इकडची गावं आमच्या गावांसारखी नसतात. म्हसावदला भिंतीला भिंत लागून असते. एका घरात फोडणी दिली की चार घरांत शिंका येतात. इथे एक घर या टेकाडावर, दुसरं समोरच्या. प्रत्येक घर आपल्या शेतात, बांबूच्या कुडाचं, वर गवत. शेजाऱ्याला हाक मारायची तर दरी ओलांडून मारावी लागते आणि ती ऐकूही जाते.

एका घरी पाणी प्यायला थांबलो. तिथल्या बायका माझ्याभोवती जमल्या. त्यांच्या गळ्यात, हातात, पायात शेरभर चांदी. माझ्या गळ्यातलं बारीक मंगळसूत्र बोटाने उचलून एकीने काहीतरी विचारलं आणि सगळ्या हसल्या. दित्याने अर्थ सांगितला: तुझा नवरा तुला एवढंच देतो का? हे मी यांना भाषांतर करून सांगितलं नाही.

दित्या पुढे चालायचा, आम्ही मागे. तो फारसा बोलत नसे, पण वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस त्याला ओळखत होता. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लोक त्याच्याशी आदराने वागत. एका म्हाताऱ्याने तर त्याचा खांदा थोपटून आमच्याकडे बघत बराच वेळ त्याची काहीतरी तारीफ केली. मी विचारलं, काय म्हणत होते? तो म्हणाला, काही नाही, जुनं काहीतरी. आणि भराभर चालू लागला.

दोन वाटा

चौथ्या दिवशी सकाळी डोंगराच्या एका धारेवर आलो आणि समोर खोल, दूर, दोन डोंगरांच्या फटीत पाण्याची एक चकाकती चिरी दिसली. नर्मदा. हे बराच वेळ उभे राहिले. मग नकाशा काढला.

धारेवरून दोन वाटा फुटत होत्या. एक पूर्वेला माथ्यानेच जात होती. ती लांबून वळसा घेऊन नदीवर उतरणार, दोन दिवस जास्त. दुसरी सरळ खाली नाल्यात उतरत होती. नाल्याच्या तोंडाशी पिपळबारी नावाचा पाडा आणि तिथून नदी हाकेच्या अंतरावर. नकाशावर बोट ठेवून हे म्हणाले, ही जवळची वाट आहे ना? मग पूर्वेला कशाला जायचं? सुट्टीचे दिवस मोजकेच उरले होते. वळसा घेतला असता तर नदीला न शिवताच परत फिरावं लागलं असतं.

मी दित्याला विचारलं. तो खाली बसला होता आणि काटकीने जमीन उकरत होता. वर न बघता म्हणाला, "बाई, मी तठे जात नही."

मी तिथे जात नाही. वाट वाईट आहे असं तो म्हणाला नव्हता, जनावराचं भय आहे असंही नाही. मला शब्द स्वच्छ कळले होते. हे विचारत होते, काय म्हणतो? आणि मी यांना सांगितलं, "तो म्हणतो, वाट अवघड आहे."

असं मी का केलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला नदी बघायची होती, हे एक. आणि वाटाड्याला नसेल जायचं तर त्यात काय मोठंसं, थोडा आळस असेल, थोडी भुताखेताची भीती असेल, असं मी मनाशी धरलं, हे दुसरं. हे लगेच म्हणाले, अवघड वाटेला आम्ही भीत नाही. ते मी दित्याला सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठला, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि नाल्याच्या वाटेला लागला.

उतरण कठीण होती, पण जीवघेणी नव्हती. सुटे दगड, मधेमधे ओल. हे दोनदा घसरून बसले, मी एकदा. दुपार कलली तसा नाला रुंद झाला, शेतं दिसू लागली. तेव्हा मी पाहिलं की दित्या पुढे नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच तो आमच्या मागे चालत होता.

पिपळबारी

पहिल्याच घरासमोर एक बाई उखळात काही कांडत होती. कुत्री भुंकली म्हणून तिने मान वर केली. आमच्याकडे पाहिलं आणि मग आमच्या मागे पाहिलं. मुसळ उखळातच उभं राहिलं. ती घरात गेली. मला वाटलं, आम्हा परक्यांना बघून घाबरली. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आधी यांना दिला, मग मला, आणि मग दित्यापुढे धरला. त्याने तो घेतला आणि दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने प्यायला.

ती त्याची सख्खी धाकटी बहीण होती. नाव भुरी. दित्याला बहीण आहे हे वडिलांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. आम्हाला मुळीच ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने नदीकडून तिचा नवरा आला. खांद्याला जाळं, हातात टोपलीभर मासे. तो जवळ आला आणि यांचा हात नकळत माझ्या दंडावर आला. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू अशी नव्हतीच. डोळ्याच्या जागी ओढलेली कातडी, गाल खाली लोंबून जबड्याला चिकटलेला. डावा हात कोपरापासून वाकडा. उरलेल्या अर्ध्या तोंडाने तो हसला आणि बाजारातल्या अहिराणीत आम्हाला बसा म्हणाला. त्याचं नाव जालम्या. दित्याला त्याने काहीच विचारलं नाही. जणू काल गेलेला माणूस आज परत आला आहे, अशा रीतीने टोपलीतला मोठा मासा काढून त्याच्यापुढे ठेवला.

आम्ही दोघं मासे खात नाही, हे ऐकून भुरीला आमची फार कीव आली. तिने आमच्यासाठी अंबाडीची भाजी केली. मी चुलीपाशी तिच्याजवळ बसले. तिची भाषा मला निम्मी कळत होती, माझी तिला निम्मी, उरलेलं हातवाऱ्यांनी. तिने सांगितलं ते असं. सात वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत दित्या तिच्याकडे आला होता. ती बाळंतीण होती. पहाटे दोघे पुरुष मोहफुलं वेचायला गेले. दित्या झाडावर चढून फांद्या हलवत होता, जालम्या खाली टोपली घेऊन. अस्वलही फुलं खायला आलं होतं. त्याने जालम्याला खाली पाडलं. दित्याने झाडावरून आरडाओरडा केला, म्हणून ते पळालं, नाहीतर जालम्या जिवंत राहिला नसता. ही गोष्ट आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांवर माहीत आहे, दित्याला त्याबद्दल सगळे मानतात. पण नवऱ्याला घरी पोहोचवून तो जो गेला तो पुन्हा आलाच नाही. सात होळ्या गेल्या. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं, सासू वारली, तरी नाही.

मी विचारलं, का?

तिने भाकर उलटली. मग सांगितलं की रक्ताने भरलेल्या नवऱ्याला त्याने दारात टेकवलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं होतं: माझा माणूस असा आणलास? तेवढंच एक वाक्य. ते त्याला लागलं असणार. सात वर्षं ती ते वाक्य मनात घोळवत होती.

नर्मदा

दुसऱ्या दिवशी सकाळी जालम्या आम्हाला नदीवर घेऊन गेला. भुरी भांडी घासायला म्हणून आली, दित्या तिच्या मागोमाग. काठावर एकाच लाकडाची कोरलेली होडी होती. तिला ते डुंगी म्हणतात. जालम्या एका हाताने वल्हं मारी. आम्ही बसलो तशी डुंगी डुगडुगली आणि यांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या.

मधोमध गेल्यावर यांनी पाण्यात हात घातला. म्हणाले, "हिरवं आहे. पाचूसारखं नाही, शेवाळासारखंही नाही. अंबाडीच्या पानासारखं." आणि हे वडिलांना नक्की याच शब्दांत सांगायचं म्हणून मला लक्षात ठेवायला सांगितलं. दोन्ही बाजूंना डोंगर सरळ पाण्यातून वर उठलेले. पलीकडचा विंध्य. पुस्तकातला क्रम बरोबर होता.

परत येऊन वाळूवर बसलो. ऊन छान होतं. यांची नजर पुन्हा पुन्हा जालम्याच्या चेहऱ्याकडे जात होती आणि ते पुन्हा पुन्हा ती दुसरीकडे वळवत होते. जालम्याच्या ते ध्यानात आलं. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने आपणच गोष्ट काढली. मी वाक्यावाक्याला मराठी करून यांना सांगत होते. अंधुक उजेड, टोपली, मागून आलेला श्वास, पंजा. मग त्याने दित्याकडे हात केला.

"हाऊ वरथीन वरडना, म्हनीसन मी वाचनू."

हा वरून ओरडला म्हणून मी वाचलो, असं मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तोच दित्या बोलला.

"मी वरडनू नही." आणि थोडं थांबून, "मन्हा आवाजच निंघना नही."

भुरीचा हात भांड्यावर थांबला. दित्या वाळूकडे बघत पुढे बोलत राहिला. फांदीला मिठी मारून तो डोळे मिटून बसला होता. खाली काय चाललं आहे ते ऐकू येत होतं. अस्वल आपोआप निघून गेलं, आणि तरीही तो लगेच उतरला नाही. किती वेळ ते त्याला सांगता येत नव्हतं.

जालम्या म्हणाला, "माले ठाऊक शे. मी तठेच व्हतू."

यांनी मला हळूच विचारलं, काय झालं? मी नंतर सांगते म्हटलं.

मग दित्याने विचारलं की ठाऊक होतं तर तू सगळीकडे तसं का सांगत राहिलास. जालम्याने वाकड्या हाताने नाक पुसलं. लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून, तो म्हणाला. तू घरी यायला लाजू नयेस म्हणून.

"त्यामुयेच मी ऊनू नही," दित्या म्हणाला. त्यामुळेच मी आलो नाही.

ज्या पाड्यावर जाई तिथे लोक त्याची पाठ थोपटत. तू होतास म्हणून जालम्या वाचला, म्हणत. खोटं आहे असं सांगायचं धैर्य नव्हतं आणि खरं मानून या दारात उभं राहायचं कसं? त्यापेक्षा कुणी शिव्या दिल्या असत्या तर तो दुसऱ्याच दिवशी आला असता. हे सगळं तो एका दमात बोलला नाही. तुकड्यातुकड्यांनी, मधेच आपल्या भाषेत जात. पण त्याचा अर्थ मला कळला.

भुरी उठली. ती आपल्या भाषेत बोलू लागली, आवाज न चढवता. तिने बोटं मोजली. सात. एकदा भावाकडे बघून बोलली, एकदा नवऱ्याकडे बघून. दोघे मान खाली घालून ऐकत होते. मग भांडी टोपलीत टाकली आणि चढ चढून घराकडे निघून गेली. ती काय बोलली ते जालम्याने मागाहून सांगितलं. तुम्ही दोघांनी एकमेकांची लाज राखलीत, आणि मी इथे सात वर्षं माझ्या एका वाक्याला दोष देत बसले. मला कुणी विचारलंत?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती त्या दोघांशी बोलली नाही. माझ्याशी बोलत होती. माझ्या टाचांना कसला तरी पाला वाटून लावला आणि तो चांगला झोंबला. जेवताना तिने दित्याला वाढलं, पण पान समोर सरकवून. दिवेलागणीला ती त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली ते छपराचं होतं. यंदा गवत कापून ठेवलं आहे, पण तुझ्या मेहुण्याचा हात वर जात नाही, छप्पर शाकारायचं राहिलं आहे. तू शाकारून मगच जायचंस. दित्या बरं म्हणाला.

म्हणजे आमचा वाटाड्या गेला. त्याच्या बदली जालम्या आम्हाला म्हसावदपर्यंत पोहोचवणार असं ठरलं.

निघायच्या सकाळी दित्या छपरावर चढून जुनं गवत खाली टाकत होता. मी खाली उभी राहून त्याला हाक मारली. तो उतरला. मी त्याला सांगितलं की धारेवर तू जे बोललास ते मी मास्तरांना सांगितलंच नाही. वाट अवघड आहे असं सांगितलं. चूक माझी, त्यांची नाही.

अंगावरची गवताची काडी काढत तो म्हणाला, "माले मराठी समजस, बाई."

म्हणजे मी काय सांगितलं ते त्याने तेव्हाच ऐकलं होतं. मी म्हटलं, मग पुन्हा का नाही बोललास? दुसऱ्यांदा बोलावंसं वाटलं नाही, एवढंच म्हणाला, आणि परत वर चढला.

परतीची वाट

ती उतरण चढून जाताना मी यांना सगळं सांगितलं. वाळूवरचं बोलणं आणि माझं खोटं भाषांतरही. हे चालता चालता थांबले. मला वाटलं, रागावणार. हे म्हणाले, "मी विचारलंही नाही त्याला, अवघड म्हणजे कशी? भूगोलाचा मास्तर असून." आणि पुन्हा चढू लागले.

जालम्या वाटाड्या म्हणून दित्यापेक्षा बोलका. कोणतं झाड कशाला लागतं, कोणत्या नाल्यात बारमास पाणी, सगळं सांगे. तोरणमाळच्या अलीकडे एका घरी मुक्कामाला थांबलो. जाताना ज्याने दित्याचा खांदा थोपटला होता त्या म्हाताऱ्याचाच हा पाडा. सूर्य मावळत होता. आजूबाजूच्या टेकाडांवरून माणसं जमली; पाहुणे आले की तिकडे तशी जमतात. म्हाताऱ्याने विचारलं, दित्या कुठे? जालम्या म्हणाला, बहिणीकडे, छप्पर शाकारतो आहे. म्हातारा खूश झाला आणि आमच्याकडे बोट करून म्हणाला की या पाहुण्यांना अस्वलाची गोष्ट सांग, त्यांच्या गावाकडे कुठे अशी माणसं असणार.

जालम्याने माझ्याकडे पाहिलं. मग सांगू लागला. आमच्यासाठी तो अहिराणीत सांगत होता आणि लोकांसाठी त्यांच्या बोलीत, आलटून पालटून. पहाटेचा उजेड, टोपली, मागून आलेला श्वास. ऐकणाऱ्यांना गोष्ट पाठ होती. पंजा कुठे पडला ते एका बाईने आधीच आपल्या गालावर हात ठेवून दाखवलं. झाडावरून ओरडण्याची जागा आली तेव्हा सगळ्यांनी माना पुढे केल्या.

जालम्या म्हणाला, झाडावरून कुणी ओरडलं नाही. अस्वल आपोआप गेलं.

म्हाताऱ्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा सांगायला लावलं. जालम्याने तेच पुन्हा सांगितलं. मग म्हाताऱ्याने विचारलं, आणि दित्या? त्याने काय केलं?

"तो खाले उतरना," जालम्या म्हणाला. "माले पाठवर लिधं, आनि घर लई ऊना."

पाठीवर घेऊन घरापर्यंत आणलं, हे म्हाताऱ्याने मनाशी तोललं. त्या झाडापासून पिपळबारी किती दूर, असं त्याने शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने मधल्या दोन डोंगरांची नावं घेतली. म्हाताऱ्याने मान हलवली, सरकून जालम्यासाठी विस्तवाजवळ जागा केली आणि आतल्या बाईला भाकरी आणायला सांगितलं.